उसने वडील

माझे वडील भिंगारच्या एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होते आणि मी बावीस वर्षांची असताना ते वारले, असं मी पुण्यात एका परक्या माणसाला अस्खलित इंग्रजीत सांगितलं. तो माणूस बिचारा 'आय ॲम सॉरी' म्हणाला. त्या वेळी माझे वडील त्याच इमारतीच्या खाली, रस्त्याच्या कडेला लावलेल्या टेम्पोत बसून केळं खात होते.

हसायचं असेल तर हसा. मलाही आता हसू येतं. तेव्हा मात्र आलं नव्हतं.

मी अश्विनी. आमचं गाव नगर तालुक्यातलं, फुलांचं. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, फॉर्मवर मी तसंच लिहिते, पण तोंडात अजून नगरच येतं. बी.कॉम. झाल्यावर मी चार वर्षं सुप्याच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या डिस्पॅचला काम केलं. कुठला माल कुठल्या गाडीत, कधी निघाला, कुठे अडकला, दिवसभर हेच. ते करता करता वाटायला लागलं की हे काम नीट शिकावं, वरपर्यंत शिकावं. आयर्लंडमधल्या एका बिझनेस स्कूलनं मला जागा दिली, शिष्यवृत्तीही दिली. अट एकच. इंग्रजीच्या परीक्षेत चारही भागांत नऊपैकी साडेसहा गुण पाहिजेत आणि निकाल तीस जूनच्या आत त्यांच्याकडे पोचला पाहिजे. नाहीतर जागा दुसऱ्याला, शिष्यवृत्तीसकट. मग आयर्लंड मी नकाशातच बघायचं.

ऐकणं, वाचणं, लिहिणं या तीन भागांची मला भीती नव्हती. चौथा भाग बोलण्याचा. समोर परीक्षक बसतो, एक कार्ड पुढे सरकवतो. त्यावर विषय असतो. एक मिनिट विचार करायला, दोन मिनिटं बोलायला, आणि मग तो त्याच विषयावर उलटसुलट विचारतो.

या दोन मिनिटांसाठी आमच्याकडची पोरं ज्यांच्याकडे जातात, त्या जेऊरकर बाई.

भिंगारच्या जुन्या बाजारात भांड्यांच्या दुकानावर दोन खोल्या आहेत, तिथे बाई एकट्या राहतात. वय अडुसष्ट. सुती साडी, त्याखाली पोरांसारखे पांढरे बूट, कारण गुडघे. चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं आणि रिटायर झाल्यावरही जिना चढून येईल त्याला शिकवतात. बोलणं असं, की माणसानं जिन्यातूनच परत जावं. मी पहिल्या दिवशी गेले तेव्हा म्हणाल्या, "चप्पल सरळ काढता येत नाही आणि आयर्लंडला निघालीस होय?"

बाईंकडे घंटा नाही. टेबलावर स्टीलचं फुलपात्र उपडं ठेवलेलं असतं आणि बाईंच्या हातात चमचा. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात दोन मिनिटं झाली की टण्ण! मग तुम्ही वाक्याच्या मध्यात असा, नाहीतर विहिरीत पडलेल्या भावाला वर काढत असा. एकदा शेजारच्या पुष्पावतीकाकू सुनेचं गाऱ्हाणं घेऊन आल्या होत्या, तर बाईंनी सवयीनं त्यांच्यावरही चमचा वाजवला. काकू महिनाभर बोलत नव्हत्या.

आणि बाईंची वही. लाल पुठ्ठ्याची जाडजूड लाँगबुक. तिच्यात त्रेसष्ट कार्डांची त्रेसष्ट उत्तरं, बाईंच्या वळणदार अक्षरात. तुमच्या घरातलं एक कष्टाळू माणूस. तुम्हाला आठवणारा एक प्रवास. तुम्ही जपून ठेवलेली एक वस्तू. मोबाईलवर फोटो काढायचा नाही, हातानं उतरवून घ्यायचं आणि पाठ करायचं.

पाठ करण्यात मला काही वावगं वाटलं नाही. का वाटावं? आम्ही शाळेत दुसरं केलं काय? परीक्षेसाठी मी नदी झालेय, फाटकं पुस्तक झालेय, म्हातारं झाड झालेय, एकदा तर युद्धात पाय गमावलेला सैनिकसुद्धा झालेय. सगळं पाठ करून, आणि दहापैकी आठ मिळवून. मग टायपिस्टची मुलगी व्हायला काय जातंय?

कष्टाळू माणसाच्या उत्तरातले वडील, म्हणजे खरं तर बाईंचे, गोड होते. कचेरीत दिवसभर टायपिंग करायचे. मशीनची रिबन संपली की तिची गोल पत्र्याची डबी खिशात घालून घरी आणायचे आणि मुलीला द्यायचे. मुलगी त्या डबीत खडूचे तुकडे ठेवायची आणि दारावर इंग्रजी अक्षरं काढायची. वडील रोज संध्याकाळी दारासमोर उभे राहून ती मोठ्यानं वाचायचे. मुलगी बावीस वर्षांची असताना ते गेले. डबी अजून आहे. एक मिनिट बावन्न सेकंद. मी ते इतकं घोटलं होतं की आई म्हणायची, झोपेतसुद्धा पुटपुटतेस.

एप्रिलमध्ये पुण्याला गेले. टेम्पोनं, नानांबरोबर. आम्ही वडिलांना नाना म्हणतो, नाव कानिफनाथ. आमच्या आणि आसपासच्या गावांची फुलं ते टेम्पोनं शिर्डीच्या हारवाल्यांना पोचवतात, तेवीस वर्षं झाली. त्या दिवशी खेप सोडून माझ्यासाठी आले होते.

कार्ड आलं, घरातलं कष्टाळू माणूस. मनात म्हटलं, जिंकले! धडाधड म्हणून टाकलं, एक मिनिट बावन्न सेकंद. परीक्षक चष्म्यातून माझ्याकडे बघत होता. 'सॉरी' म्हणाला आणि मग अगदी सहज विचारलं, "त्या डबीत आता काय ठेवता तुम्ही?"

वहीत ते नव्हतं.

मी म्हटलं, रिबन. तो म्हणाला, अजून? त्यानं दुसरा प्रश्न टाकला. लहानपणी वडिलांना काम करताना बघून तुम्हाला काय वाटायचं? माझ्या डोळ्यांसमोर नाना उभे राहिले, झेंडूच्या गोणीत कोपरापर्यंत हात घातलेले. सांगायला कितीतरी होतं. पण ज्याला आत्ताच मारून टाकलं त्याला जिवंत कुठल्या तोंडानं करणार? पुढचे सगळे प्रश्न 'येस' आणि 'नो'वर गेले.

खाली आले. नानांनी माझ्यासाठी दोन केळी ठेवली होती.

"काय इचारलं गं?"

"घरच्यांबद्दल."

"मंग तर सोपंच की! माझं नाव घेतलं का?"

"हो," मी म्हटलं, आणि केळ्याचं साल काढत बसले.

निकाल आला. सात, सात, साडेसहा, आणि बोलण्यात साडेपाच. दुसरी तारीख मिळाली सात जूनची. त्यानंतरची तारीख जुलैतली, म्हणजे उपयोगाची नाही. एकच संधी उरली.

मी तडक भिंगार गाठलं. माझा राग वाईट आहे, घरातून निघाला की समोर कोण आहे ते बघत नाही. बाई पार्थ नावाच्या एका मुलाचं उत्तर ऐकत होत्या. तो सांगत होता, माझे वडील टायपिस्ट होते. ते ऐकून माझं डोकंच फिरलं.

"बाई, तुमच्या वहीनं बुडवलं मला."

"उतरवून घेताना हात दुखला नाही तुझा," बाई म्हणाल्या. "पुढचे प्रश्न येणार हे माहीत नव्हतं?"

"तुमच्या वडिलांबद्दल मला काय माहीत असणार? आणि आम्ही किती जणांनी मारायचं त्यांना?"

तोंडातून गेलं ते गेलं. पार्थनं दप्तर उचललं आणि जिना उतरून गेला. मला वाटलं आता बाई मलाही हाकलणार. पण बाईंनी चमचा खाली ठेवला.

"राजूरकडचा एक मुलगा होता, ओम," त्या म्हणाल्या. "पंधरा-सोळा वर्षं झाली. डोंगरातला, हुशार. हेच कार्ड दिलं त्याला. तासभर बसला, शब्द काढला नाही. म्हटलं, अरे बोल, घरात कोणीच नाही का? तर म्हणाला, बाई, आमच्या घरात सांगन्यासारखं काय हाय?"

बाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढला.

"मला इतका राग आला गं. त्याचा नाही. शाळेत बारा वर्षं काढून त्याला असं वाटत होतं, म्हणजे आम्ही मास्तरांनी केलं तरी काय? आणि एवढा राग येऊन मी काय शहाणपणा केला? त्याला म्हटलं, घे, माझं घे. माझे वडील घे, माझे अण्णा. तो पास झाला. मग दुसरा आला, तिसरी आली, सगळ्यांनाच दिलं. कुणाला खोदून विचारत बसायला नको. सोपं होतं मला."

कपाटातून त्यांनी डबी काढली. हाताच्या पंज्यात मावेल एवढी, गोल, रंग उडालेली. जे उत्तर मी शंभर वेळा म्हटलं होतं, ती वस्तू मी पहिल्यांदा बघत होते. झाकण जरा अडलं. आत पासपोर्टच्या फोटोंची चळत होती. व्हिसाला काढलेल्या फोटोंतला एक उरलेला फोटो जाताना बाईंना द्यायचा, अशी पद्धतच पडली होती म्हणे. मागे बारीक अक्षरात नावं. एकेचाळीस जण.

"यातल्या प्रत्येकानं अण्णांना आपले वडील म्हणून सांगितलंय," बाई म्हणाल्या. "अण्णांना मी एकटीच. आता बघ, किती लेकरं झाली."

ते ऐकून मला भरून आलं, आणि रागही गेला नाही. दोन्ही एकदम होतं माझं.

"आणि तुमचं नाव, बाई? ते कुणी घेतलं?"

"माझं नाव कशाला येईल? सांगणारा 'मी' म्हणूनच सांगणार ना."

बाईंनी डबी बंद केली, वही उचलली आणि कपाटात अगदी मागे सरकवली.

"उद्यापासून मला मराठी येत नाही," त्या म्हणाल्या. "एक अक्षर नाही. आणि मला तुझ्या वडिलांना भेटायचंय. तू मध्ये बसून दोघांचं एकमेकांना सांगायचं. इंग्रजी त्यांना येत नाही, मराठी मला येत नाही. बघू तुझ्याकडे सांगण्यासारखं काय आहे ते."

मे महिन्यातल्या एका रविवारी बाई पांढरे बूट घालून, पाण्याची बाटली गळ्यात अडकवून आमच्या दारात उतरल्या. आईनं, मनकर्णानं, त्यांच्यासाठी धपाटे आणि दही ठेवलं होतं. बाईंनी खाल्लं आणि इंग्रजीत काहीतरी लांबलचक म्हणाल्या. आईनं माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, चांगलं झालंय म्हणतात, पण तीळ जास्त आहेत. आई पुटपुटली, "एवढं लांब बोलून तिळावरच आल्या व्हय." बाईंचे ओठ हलले, पण मराठी येत नसल्यामुळे त्यांना हसता येईना.

अकरा वाजता टेम्पो निघाला. नाना स्टेअरिंगवर, मध्ये मी, खिडकीशी बाई. मागे झेंडूच्या गोण्या, वर ओलं गोणपाट.

"बाईंना मराठी का येत न्हाई?" नानांनी हळूच विचारलं. "फोनवर तर येत हुतं."

"परीक्षेसाठी आहे, नाना."

"आसं व्हय. मग मी मोठ्यानं बोलू का?"

राहुरीच्या पुढे एका लिंबाखाली नानांनी गाडी थांबवली. रोज थांबवतात. मागे जाऊन एकेका गोणीचं तोंड सोडलं, आत कोपरापर्यंत हात घातला आणि डोळे मिटून उभे राहिले. मला कळायला लागल्यापासून हे बघत आलेय. बाईंनी मला कोपरानं ढोसलं आणि इंग्रजीत विचारलं, हे काय चाललंय?

मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मलाच माहीत नाही. इतकी वर्षं बघितलं, विचारलं कधीच नाही. मग नानांना विचारलं.

"फुलं आतून तापत्यात," नाना म्हणाले. "दाबून भरली की तापत्यात. वरून हात लावला तर गार लागतं, फसायला हुतं. आत तापलं की शिर्डीला जाईस्तोवर काळं. जी गोन तापली ती सोडायची, हलवायची, वारा लागू द्यायचा."

मी ते इंग्रजीत सांगितलं. अडखळत, पण सांगितलं. बाईंचं समाधान होईना. किती तापलं हे कशावरून कळतं, म्हणाल्या. हाताला नेमकं काय कळतं?

नानांना हा प्रश्न कुणी केलाच नसावा. त्यांनी हात गोणीत आणखी आत घातला.

"लेकराला ताप आला का आपन पोटावर हात ठिवतो बघ," ते म्हणाले. "कपाळ गार असतं, पन पोट सांगतं. तसं. अश्विनीला लहानपनी लई ताप यायचा. तवाच शिकलो म्हन की."

हे मला इंग्रजीत करायचं होतं. आणि त्यातली अश्विनी मी होते. शब्द होते माझ्याकडे, सगळे साधेच. पण दोनदा सुरुवात करावी लागली. बाईंनी घाई केली नाही. त्या दिवशी चमचा बरोबर आणलाच नव्हता.

गाडी परत सुरू झाली. कोल्हारचा पूल ओलांडल्यावर बाई समोर रस्त्याकडे बघत, शांतपणे, इंग्रजीतच म्हणाल्या, "आता तू पुण्यात काय सांगितलंस ते तुझ्या वडिलांना सांग."

मी नाही म्हटलं. त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. नाना म्हणाले, "काय म्हनत्यात?" खोटं सांगता आलं असतं, पण खिडकीशी बसलेल्या बाईंना मराठी किती येत होतं ते मला माहीत होतं.

"नाना, एप्रिलमध्ये मी तुमचं नाव घेतलं नव्हतं. मी बाईंच्या वहीतलं पाठ केलेलं म्हटलं. त्यातले वडील... वारलेले होते."

नानांनी गिअर बदलला. पुढे उसाची ट्रॉली होती, तिला ओलांडून गेले.

"मंग दहाव्याला किती लोक हुते?"

मी रडता रडता फिसकन हसले. बाईंनी तोंड खिडकीकडे फिरवलं, पाठ हलत होती. नानाही हसले, पण त्यांचं हसणं लवकर संपलं. बाभळेश्वर आलं. मग त्यांनी विचारलं, "काय काम करीत हुते म्हनून सांगितलं?"

"टायपिस्ट. कचेरीत."

"बरं काम हाय," नाना म्हणाले. "खुर्चीवरचं."

मला त्या क्षणी गाडीचं दार उघडून पळून जावंसं वाटलं. मारलं म्हणून ते चिडले असते तर परवडलं असतं. त्यांना ते पटलं होतं, ते जास्त लागलं. त्यांनाही वाटत होतं की आपल्यापेक्षा टायपिस्ट सांगितलेला बरा.

शिर्डीत बनुबाईंच्या हाराच्या दुकानापुढे गोण्या उतरल्या. शेजारचा दुकानदार दुसऱ्याच गाडीतनं आलेली गोण ओतून तपासत होता. बनुबाईंनी नानांच्या गोण्या तशाच आत घेतल्या. बाईंनी इंग्रजीत कारण विचारलं, मी मराठीत केलं.

"कानिफभाऊंचा माल काय बघायचा?" बनुबाई म्हणाल्या. "त्यांनी वाटंत बघितलेला असतो."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "चार वर्षं कंपनीत तू जे करत होतीस," त्या इंग्रजीत म्हणाल्या, "आणि आता समुद्रापलीकडे जाऊन जे शिकणार आहेस, ते हेच ना?"

मी मान हलवली. मानेनं उत्तर दिलेलं बाईंना चालत नाही. पण त्या दिवशी चालवून घेतलं.

मग मेचे उरलेले दिवस तसेच गेले. सुट्टी मिळेल त्या दिवशी बाई आमच्याकडे, नाहीतर आम्ही भिंगारला. आईनं लग्नात माहेरहून आणलेलं जातं, आमची बंद पडलेली मोटर, माझी मोडलेली सोयरीक, सगळं इंग्रजीत झालं. सोयरिकीच्या वेळी बाईंनी चमचा मुद्दाम दहा सेकंद उशिरा वाजवला, त्यांना पुढचं ऐकायचं होतं.

सात जूनला परत पुणे. तीच इमारत, खाली तोच टेम्पो. परीक्षक मात्र या वेळी एक अनोळखी स्त्री होती, साधारण माझ्या आईच्या वयाची. कार्ड पुढे आलं.

जपून ठेवलेली एक जुनी वस्तू.

म्हणजे डबीच. वहीतलं सतरावं उत्तर अजून जसंच्या तसं पाठ होतं, सुरुवात केली असती तर शेवटपर्यंत घरंगळत गेलं असतं. आणि माझं स्वतःचंही तयार होतं, आईचं जातं. एक मिनिट मिळतं. घड्याळाचा काटा फिरत होता आणि माझी जागा, शिष्यवृत्ती, नानांच्या बुडवलेल्या दोन खेपा, सगळं त्या मिनिटात बसलेलं होतं. जातं सांगितलं की काम फत्ते. पण ती डबी मी एकदा चोरली होती, याच इमारतीत, आणि ती परत करायची राहिली होती. मी डबीच सांगितली. पाठ केलेली नाही. परत करायची ती.

निकाल वीस जूनला आला. बाकी तिन्ही भाग साडेसहाच्या वर, आणि बोलण्यात सात.

नानांनी टेम्पोचा हॉर्न एवढा वाजवला की गल्लीतली म्हातारी माणसं बाहेर आली. मी त्याच दिवशी निकाल कॉलेजला पाठवला आणि संध्याकाळी पेढे घेऊन आम्ही दोघं भिंगारला गेलो. पार्थ तिथेच होता. वही कपाटात मागेच होती, आणि पार्थ आपल्या आजोबांच्या सलूनबद्दल अडखळत काहीतरी सांगत होता.

बाईंनी निकाल बघितला, चष्मा पुसून पुन्हा बघितला. "सात," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "कार्ड काय होतं?"

"जपून ठेवलेली जुनी वस्तू."

बाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे वहीतलंच म्हटलंस," त्या इंग्रजीतच म्हणाल्या. "एवढं करून!"

"नाही बाई."

"म्हणून दाखव." त्यांनी फुलपात्र उपडं घातलं, चमचा उचलला आणि घड्याळाकडे बघितलं. "दोन मिनिटं."

मी उभी राहिले आणि पुण्यात जे सांगितलं तेच इंग्रजीत सांगायला लागले.

ही वस्तू माझी नाही, असं मी म्हटलं. ही पत्र्याची एक गोल डबी आहे आणि ती विजया रविकांत जेऊरकर यांची आहे. त्या भिंगारला राहतात. त्यांचे वडील रविकांत जेऊरकर कचेरीत टायपिस्ट होते आणि रिबन संपली की ही डबी मुलीसाठी घरी आणायचे. विजया तिच्यात खडू ठेवायच्या आणि दारावर अक्षरं काढायच्या. पुढे त्यांनी चौतीस वर्षं शाळेत शिकवलं. ज्या मुलांना वाटायचं की आपल्या घरात सांगण्यासारखं काही नाही, त्यांना त्यांनी आपले वडील दिले. मी त्यांतलीच एक. मी याच इमारतीत एकदा त्यांचे वडील माझे म्हणून सांगितले. ते चुकलं माझं. आज डबीत त्या मुलांचे फोटो असतात, एकेचाळीस, आणि प्रत्येकामागे विजयाबाईंनी नाव लिहून ठेवलंय. त्यांचं नाव मात्र आम्ही कुणी कधी घेतलं नाही. म्हणून मी आज घेतलं. माझे वडील कानिफनाथ. ते जिवंत आहेत, खाली टेम्पोत बसलेत. फुलं तापली की त्यांच्या हाताला कळतं.

नानांना त्यातलं आपलं नाव तेवढं कळलं. ते खुर्चीत जरा सरळ बसले.

पुण्यात मला एवढ्यावर थांबवलं होतं, वेळ संपली होती. इथेही दोन मिनिटं झाली. भिंतीवरचं घड्याळ मला समोर दिसत होतं. मी चमच्याची वाट बघत थांबले. बाई टेबलावर ठेवलेल्या डबीकडे बघत होत्या.

"टाइम झाला की गं," नाना हळूच म्हणाले.

"राहू द्या हो," बाई म्हणाल्या. दीड महिन्यात पहिल्यांदा त्या मराठीत बोलत होत्या. "बोलू द्या तिला. अश्विनी, अण्णांचं नाव घेतलंस ना, तिथून परत सांग."

मी परत सांगितलं. चमचा बाईंच्या हातातच राहिला.